अंतराळातल्या लेसर संप्रेषणात ऑप्टिकल इंजिनिअर नेमकं काय करतो?

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं: भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालं, ऑप्टिक्स हा विशेष विषय होता, लेन्स डिझाइनचं सॉफ्टवेअर वर्षभर वापरलं आहे आणि आता अंतराळ संप्रेषणाच्या संशोधनात ऑप्टिकल इंजिनिअर म्हणून शिरायचं आहे. तिथे दिवसभर काय काम असतं, पीएच.डी. लागतेच का आणि आधी काय शिकावं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. या तिघांच्या आड मला चौथा दिसतो: मला जे येतं ते तिथे उपयोगी पडेल का? त्याचं उत्तर आधी देते. पडेल, पण लेन्स डिझाइन हा या कामाचा लहानसा तुकडा आहे. मी सतरा वर्षं या क्षेत्रात आहे, आधी जमिनीवरच्या रिसीव्हरवर आणि नंतर उपग्रहावर बसणाऱ्या टर्मिनलवर, म्हणजे लेसर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या संचावर. त्यात नवं लेन्स डिझाइन केलं तो काळ सगळा मिळून दीड-दोन वर्षांचा भरेल. बाकीचा सगळा वेळ दोन गोष्टींचा हिशेब ठेवण्यात गेला: प्रकाश किती उरला आणि तो कुठे बघतोय.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ‘ऑप्टिकल इंजिनिअर’ या एकाच नावाखाली बरीच वेगवेगळी माणसं काम करतात. कोणी उपग्रहावरची दुर्बीण आणि तिच्यामागचं बेंच (आरसे-भिंगं बसवलेली पाटी) बांधतं, कोणी जमिनीवरच्या स्टेशनवर अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स (हवेमुळे बिघडलेला प्रकाश सुधारणारी यंत्रणा) सांभाळतं, कोणी प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरमध्ये बुडालेलं असतं, कोणी लेसरची पॉवर वाढवणाऱ्या फायबर ॲम्प्लिफायरमध्ये. प्रयोगशाळेतलं संशोधन आणि उड्डाणाला जाणारी मोहीम यांचा रोजचा दिनक्रमही फार वेगळा. मी पुढे लिहिते आहे ते मुख्यतः टर्मिनलच्या बाजूने, कारण तेच मला आतून माहीत आहे.

हिशेब का ठेवावा लागतो हे आकड्यांतून लवकर कळतं. रेडिओऐवजी लेसर वापरायचा मुख्य फायदा बीमच्या अरुंदपणात आहे. बीम किती पसरतो हे तरंगलांबी भागिले ॲपर्चरचा (दुर्बिणीच्या तोंडाचा) व्यास, यावर ठरतं. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून सोडला तर तो साधारण १५ मायक्रोरेडियन (रेडियनचे दशलक्षांश) पसरतो. चंद्रावरून पृथ्वीवर येईपर्यंत त्याचा ठिपका सहा किलोमीटरच्या आसपास रुंद होतो. यानांशी बोलायला वापरतात त्या एक्स-बँडच्या रेडिओची तरंगलांबी साडेतीन-चार सेंटिमीटर, म्हणजे वीस हजार पटींहून मोठी. तिथे एक मीटरची डिश लावली तरी चंद्रावरून आलेला बीम जवळजवळ अख्ख्या पृथ्वीएवढा रुंद होतो.

आता २०१३ सालचा नासाचा चांद्र लेसर प्रयोग घ्या. चंद्राभोवती फिरणाऱ्या लॅडी (LADEE) यानावर अर्धा वॅटचा लेसर आणि १० सेंटिमीटरची दुर्बीण होती. जमिनीवर ४० सेंटिमीटरच्या चार दुर्बिणी प्रकाश गोळा करत होत्या आणि डेटा सेकंदाला ६२२ मेगाबिटने उतरला. कागद घेऊन हा हिशेब स्वतः करून बघा. सहा किलोमीटरच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ सुमारे २.८ कोटी चौरस मीटर, चारही दुर्बिणींचं मिळून अर्धा चौरस मीटर. म्हणजे अर्ध्या वॅटमधून हाताशी येतात फार तर ९ नॅनोवॅट. काच, हवा, नेम आणि डिटेक्टर यांच्यातलं नुकसान वजा केलं की एखाददुसरा नॅनोवॅट उरतो असं धरा. एक नॅनोवॅट म्हणजे या तरंगलांबीला सेकंदाला सुमारे ७८० कोटी फोटॉन. त्याला ६२.२ कोटी बिटांनी भागलं की एका बिटाच्या वाट्याला बाराएक फोटॉन येतात.

बारा फोटॉन! हा आकडा पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काढला त्या दिवसापासून मी या कामाकडे वेगळ्या नजरेने बघते. ते पुरतात, कारण माहिती पाठवायची पद्धतही त्याच बेताची असते. प्रत्येक चिन्हासाठी वेळेचे सोळा खाचे ठेवायचे आणि त्यातल्या एकाच खाच्यात प्रकाशाचा ठोका द्यायचा. ठोका कितव्या खाच्यात आला यावरून चार बिट कळतात. ते मॉडेमवाल्यांचं काम. आपलं काम एवढंच की ते बारा फोटॉन वाटेत हरवू नयेत.

आणि ते हरवायच्या जागा पुष्कळ असतात. आरशांमुळे येणारी एकूण वेव्हफ्रंट एरर (प्रकाशलहरीच्या आकारातली आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी, चूक) तरंगलांबीच्या चौदाव्या भागाइतकी झाली की बीमच्या मध्यावरची तीव्रता ८२ टक्क्यांवर येते. सिंगल-मोड फायबरमध्ये (हा अगदी बारीक गाभ्याचा असतो आणि एकाच आकाराचा बीम, म्हणजे एकच ‘मोड’, वाहून नेतो) दुर्बिणीतून आलेला प्रकाश घालायचा तर सगळं निर्दोष असलं तरी जेमतेम ८१ टक्के आत जातो, कारण गोल ॲपर्चरची प्रतिमा आणि फायबरचा मोड यांचा आकारच पूर्ण जुळत नाही. दुर्बिणीच्या मधोमध दुय्यम आरसा असेल तर आणखी कमी. प्रत्येक कोटिंग, प्रत्येक खिडकी थोडं थोडं खाते. हे सगळं डेसिबलमध्ये मांडलेल्या तक्त्याला लिंक बजेट म्हणतात. माझ्या मते ऑप्टिकल इंजिनिअरने या तक्त्यातली प्रत्येक ओळ ‘हा आकडा कुठून आला?’ असं विचारून तपासली पाहिजे. दुसऱ्याने भरलेला तक्ता जसाच्या तसा पुढे नेणारी माणसं मी पाहिली आहेत. अडचण मग चाचणीत समोर येते, आणि तेव्हा वेळ हातात नसतो.

कोनाचा हिशेब याहून अवघड, आणि मला तो जास्त आवडतो. बीम अरुंद म्हणून फायदा होतो आणि त्याच कारणाने नेम चुकायची भीती वाढते. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. समोरून आलेला प्रकाश जिथून आला असं वाटतं, तिथेच उलट बीम पाठवला तर तो चुकेल, म्हणून सुमारे ५० मायक्रोरेडियनपर्यंत पुढे नेम धरावा लागतो. म्हणजे बीमच्या स्वतःच्या रुंदीच्या तिप्पट. लघुग्रहाकडे निघालेल्या नासाच्या सायकी यानावरच्या लेसर प्रयोगात हे आणखी ठळक दिसतं. तिथे २२ सेंटिमीटरची दुर्बीण आहे. २२ कोटी ६० लाख किलोमीटरवरून पाठवलेला बीम पृथ्वीपाशी साधारण १६०० किलोमीटर रुंद होतो. प्रकाशाला पोचायला साडेबारा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पृथ्वी आपल्या कक्षेत बावीस हजार किलोमीटर पुढे गेलेली असते. जिथे पृथ्वी दिसते तिथे नेम धरला तर बीम पृथ्वीच्या जवळपासही पोचणार नाही.

त्यात उपग्रह कधी स्वस्थ नसतो. उपग्रहाची दिशा सांभाळणारी रिॲक्शन व्हील फिरतात, सौर पंखांची मोटर पावलापावलाने सरकते, आणि ही सगळी थरथर बेंचपर्यंत येते. ती मारायला वेगाने हलणारा छोटा आरसा असतो, आणि समोरच्याचा बीकन (नेम धरायला पाठवलेला खुणेचा प्रकाश) बघून तो आरसा हलवणारं कंट्रोल लूप असतं. म्हणून माझा आठवड्यातला निम्मा वेळ कंट्रोल, यांत्रिकी आणि थर्मल विभागातल्या लोकांबरोबर जातो. त्यांची भाषा बोलता आली नाही तर उत्तम डिझाइनही पडून राहतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, त्याची एक रात्र सांगते. एका टर्मिनलच्या अभियांत्रिकी मॉडेलची थर्मोव्हॅक चाचणी, म्हणजे निर्वात चेंबरमध्ये गरम-थंड करून घ्यायची चाचणी, चालू होती. चेंबरच्या खिडकीबाहेर चाचणीची दुर्बीण लावून आम्ही बाहेर येणारा बीम मोजत होतो. तापमान थंड टप्प्यावर स्थिरावलं आणि समोर मिळणारी पॉवर निम्म्याच्या खाली आली. पहाटेचे अडीच वाजले होते. पहिला तर्क निघाला की लेसरच थंडीत मंदावला. पण आतल्या मॉनिटर फोटोडायोडचा आकडा तसूभरही हलला नव्हता, म्हणजे लेसर पूर्ण प्रकाश देत होता. दुसरा तर्क असा की थंडीत मुख्य आरसा वाकला. तो खरा असता तर प्रकरण फार गंभीर होतं, नवा आरसा म्हणजे बरेच महिने.

तेव्हा मी दुसरी वाहिनी उघडून बघितली. येणारा प्रकाश त्याच दुर्बिणीतून आत येऊन ट्रॅकिंग सेन्सरवर ठिपका करतो. तो ठिपका गोल होता आणि गरम टप्प्यावर होता तेवढाच होता. दोन्ही वाटा दुर्बीण सामायिक वापरतात. येणारी वाट ठीक असेल तर दोष दुर्बिणीत असू शकत नाही. जो काही दोष आहे तो फक्त जाणाऱ्या वाटेच्या स्वतंत्र भागात आहे. तिथे तीनच गोष्टी होत्या: फायबरचा कॉलिमेटर (फायबरमधून निघालेला प्रकाश सरळ, समांतर करणारं भिंग), एक वळणाचा आरसा आणि पुढचा नेम धरणारा आरसा. आम्ही शेवटच्या आरशाने बीम हळूहळू चक्राकार फिरवला. एका बाजूला ८ मायक्रोरेडियन गेल्यावर सगळी पॉवर परत आली. बीम शाबूत होता, फक्त दुसरीकडे बघत होता.

मग उलटा हिशेब. दुर्बीण बीम दहापट रुंद करते, म्हणजे कोन दहापट लहान करते. बाहेरचे ८ मायक्रोरेडियन म्हणजे आतले ८०. कॉलिमेटरच्या भिंगाचं फोकल अंतर ५० मिलीमीटर. ८० मायक्रोरेडियन गुणिले ५० मिलीमीटर म्हणजे ४ मायक्रॉन. केसाच्या जाडीचा लहानसा अंश एवढं भिंग बाजूला सरकलं होतं आणि त्यात अर्ध्याहून जास्त प्रकाश गेला होता. मॉडेल उघडल्यावर कारण दिसलं: भिंग बसवताना चिकटवणीचा थर एका बाजूला जाड झाला होता, थंडीत तो जास्त आकसला आणि भिंगाला स्वतःकडे ओढून घेतलं. पुढच्या मॉडेलमध्ये आम्ही तीन सारख्या ठिपक्यांनी भिंग बसवलं आणि प्रत्येक ठिपक्याची जाडी शिम (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) लावून ठरवली.

ही हकीकत एवढ्या बारकाईने सांगितली, कारण तुमच्या ‘दिवसभर काय करतात’ या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यातच आहे. त्या रात्री सॉफ्टवेअरने काहीच सांगितलं नसतं. सामायिक वाट कोणती आणि स्वतंत्र कोणती, एवढा विचार करता येणं हेच आमचं मुख्य कौशल्य.

अशाच जातीच्या आणखी दोन गोष्टी, ज्या पुस्तकात क्वचित भेटतात. एक म्हणजे निर्वात. भिंग प्रयोगशाळेत हवेत अलाइन करतो, पण ते काम करणार निर्वातात. हवेचा अपवर्तनांक १.०००२७. फरक क्षुल्लक दिसतो, पण फ्यूज्ड सिलिकाच्या ५० मिलीमीटर भिंगाचा फोकस तेवढ्याने चाळीसएक मायक्रॉन सरकतो, आणि सिंगल-मोड फायबरला ते चांगलंच जाणवतं. म्हणून हवेत मुद्दाम तेवढं चुकवून बसवायचं, म्हणजे वर गेल्यावर बरोबर होतं. नव्या मुलांना हे सांगितलं की आधी पटत नाही, पण स्वतः मोजल्यावर पटतं.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. एकाच दुर्बिणीतून एक वॅट बाहेर जातो आणि एक नॅनोवॅट आत येतो, म्हणजे मध्ये ९० डेसिबलचं अंतर. दोघांच्या तरंगलांब्या थोड्या वेगळ्या ठेवून फिल्टर लावतो, तरी सामायिक आरशावर बसलेला धुळीचा एक कण जाणाऱ्या बीममधला जो प्रकाश विखरून मागे फेकतो, तो येणाऱ्या सिग्नलला गिळू शकतो. क्लीनरूममधला सूट, फायबरचं टोक प्रत्येक वेळी मायक्रोस्कोपखाली बघणं, हे सोपस्कार वाटले तर या कामात त्रास होईल. वॅटभर पॉवर जाणाऱ्या कनेक्टरवर धूळ राहिली तर ते टोक जळतं, आणि त्याच्याबरोबर कधीकधी महिनाभराची मेहनतही.

जमिनीच्या बाजूबद्दल थोडक्यात. तिथले मोठे शत्रू ढग आणि हवेची खळबळ. ढगांवर उपाय एकच, एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या हवामानात अनेक स्टेशनं ठेवायची. खळबळीमुळे मोठ्या दुर्बिणीतली प्रतिमा फुटते, ती जोडायला अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स लागतं, निदान प्रकाश सिंगल-मोड फायबरमध्ये घालायचा असेल तर. फोटॉन मोजणारे मोठे डिटेक्टर असतील तर त्याशिवायही भागतं. सायकीच्या प्रयोगात पालोमारची ५.१ मीटरची हेल दुर्बीण आणि तिच्यामागे अतिवाहक नॅनोतारांचे डिटेक्टर होते. डिसेंबर २०२३ मध्ये ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून सेकंदाला २६७ मेगाबिट उतरवले गेले, आणि एप्रिल २०२४ मध्ये मघाशी सांगितलेल्या २२ कोटी ६० लाख किलोमीटरवरून २५ मेगाबिट. या बाजूला जायचं असेल तर खगोलशास्त्रीय उपकरणांचा अनुभव सोन्यासारखा आहे.

आता पीएच.डी.चा प्रश्न. हे खरोखरच परिस्थितीवर आहे. डिटेक्टर, अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स किंवा क्वांटम दुव्यांचं संशोधन करायचं तर पीएच.डी. जवळजवळ लागतेच, कारण तिथे प्रश्नच स्वतः शोधायचा असतो. टर्मिनल बांधणं, अलाइनमेंट, चाचण्या, ऑप्टोमेकॅनिक्स (भिंगं-आरसे घट्ट आणि अचूक बसवणं) इथे एम.एस्सी. किंवा एम.टेक. आणि बेंचवरची चार वर्षं पीएच.डी.च्या तोडीची धरली जातात. माझ्याबरोबरच्या सर्वांत भरवशाच्या दोन अलाइनमेंट इंजिनिअरांकडे पीएच.डी. नाही. पाच वर्षं एकाच प्रश्नाला धरून बसायची ओढ असेल तर पीएच.डी. करा, केवळ नोकरीचं दार उघडावं म्हणून करू नका. आणखी एक व्यावहारिक बाब: बऱ्याच देशांत अंतराळ तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांना नागरिकत्वाची किंवा निर्यात नियमांची अट असते. अर्जाआधी ती बघा, म्हणजे नंतर मन खट्टू होत नाही.

आणि कागदपत्रं. चाचणीची कार्यपद्धती, टॉलरन्सचे (किती चूक चालेल याचे) तक्ते, प्रत्येक विसंगतीचा अहवाल. मोहिमेच्या कामात बराच वेळ लिहिण्यात जातो. मला ते जड वाटत नाही, कारण वर गेलेलं उपकरण परत उघडता येत नाही. तीन वर्षांनी काही बिघडलं तर तुमच्या हातात फक्त त्या वेळी लिहून ठेवलेले आकडे असतात.

शेवटचा प्रश्न, काय शिकावं. लेन्स डिझाइन येतंच आहे, त्यात टॉलरन्सिंग नीट शिका. आदर्श डिझाइन सगळ्यांना जमतं. भिंग ४ मायक्रॉन सरकल्यावर काय होईल हे सांगता आलं पाहिजे. गॉसियन बीमचं गणित हातात बसवा. कंट्रोलचा एक प्राथमिक अभ्यासक्रम करा. पण याहून महत्त्वाचं काम तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होऊ शकेल.

लाल रंगाचा कमी पॉवरचा लेसर, दोन हलवता येणारे आरसे, एक ॲस्फेरिक भिंग, त्या तरंगलांबीचा सिंगल-मोड फायबर आणि एक पॉवर मीटर, एवढं गोळा करा. मोकळ्या हवेतला बीम फायबरमध्ये घाला. गाभा चारेक मायक्रॉनचा असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी बहुतेक काहीच आत जाणार नाही. तेव्हा फायबरच्या दुसऱ्या टोकातून फायबरमधला दोष शोधायच्या पेनासारख्या लेसरचा लाल प्रकाश उलटा सोडा. तो भिंगातून बाहेर येईल. आता दोन्ही बीम दोन जागी, एक भिंगाजवळ आणि एक लांब, एकमेकांवर आणा. मग पेन काढून मीटर लावा, कुठेतरी थोडा आकडा दिसेल. तिथून दोन्ही आरसे आळीपाळीने हलवत चढत जा: एक मुद्दाम थोडा बिघडवायचा, दुसऱ्याने परत मिळवायचं, आधीपेक्षा जास्त मिळालं तर त्याच दिशेने पुढे जायचं.

समजा ५५ टक्क्यांवर थांबलात. आता खरं काम सुरू होतं. उरलेले ४५ टक्के कुठे गेले ते एकेका ओळीत लिहा. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के परावर्तित होतात, ते मोजा. बीमचा आकार गोल आहे का ते बघा. डायोड लेसरचा बहुधा लंबगोल असतो आणि तिथेच मोठा वाटा जातो. तुमच्या ओळींची बेरीज मोजलेल्या आकड्याशी जुळेपर्यंत सोडू नका. मग भिंगाच्या माउंटजवळ फक्त हात धरा, टेकवू नका, आणि मीटरकडे बघा. दोन मिनिटांत आकडा हलेल. रात्रभर तसंच ठेवून सकाळी परत मोजा, खोलीचं तापमान शेजारी लिहा.

मी मुलाखत घेते तेव्हा उमेदवाराला मॉनिटरवर डिझाइन दाखवायला सांगत नाही. अशी वही मागते, आणि त्यातला न जुळलेला आकडा दाखवून विचारते की मग पुढे काय केलंत. तुम्ही हे करून बघितलंत तर तुमचा तक्ता इथेच टाका. मी ओळीओळीने बघेन.